तांबेऱ्याचाही देव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पोचला. बारा ओळी, तीन रकाने: ग्रीक नाव, रोमन नाव आणि ‘आपल्याकडचा’ देव. झ्यूस–ज्युपिटर–इंद्र. पोसायडन–नेपच्यून–वरुण. आरेस–मार्स–कार्तिकेय. अक्षर सुरेख आहे, मेहनतही दिसते. यावरून मुलांसाठी गोष्टी लिहायच्या म्हणतोस. जरूर लिही. फक्त लिहायला बसशील तेव्हा हा तक्ता समोर ठेवू नकोस.

मार्सपासून सुरू करतो, कारण त्याच्या ओळीत तू सगळ्यात जास्त फसला आहेस. ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याच्या पाचव्या सर्गात युद्धाचा देव आरेस जखमी होऊन, कण्हत झ्यूसकडे तक्रार घेऊन जातो. बाप त्याला जवळ घेण्याऐवजी सुनावतो, की ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत मला तुझाच जास्तीत जास्त तिटकारा आहे. आता रोमला ये. मार्स हा रोम वसवणाऱ्या जुळ्या भावांचा, रोम्युलस आणि रेमस यांचा बाप, म्हणजे साऱ्या रोमचा मूळपुरुष. मार्च महिना त्याच्याच नावाचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकात केटो या रोमन लेखकानं शेतीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात मालकानं मार्सला घालायचं गाऱ्हाणं शब्दशः दिलंय. डुकराचं पिल्लू, कोकरू आणि वासरू शेताभोवती फिरवायचं, मग बळी द्यायचा. आणि मागायचं काय? दिसणारे आणि न दिसणारे रोग दूर ठेव, धान्य आणि द्राक्षवेली नीट येऊ देत, गुराखी आणि गुरं सुखरूप राख. लढाईत जय दे, असं त्यात एका शब्दानंही नाही. हा कार्तिकेय, की शिवेवरचा राखणदार? मला तर दुसराच वाटतो.

रोमन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिरस्त्राणं आणि भाले येतात, पण त्यांचे जुने देव पाहिलेस तर ते सगळे बांधावर उभे दिसतील. गव्हावर तांबेरा पडू नये म्हणून 25 एप्रिलला रोबिगस नावाच्या देवाला कुत्र्याचा बळी देत. तांबेऱ्याचाही देव! टर्मिनस हा हद्दीच्या दगडाचा देव. 23 फेब्रुवारीला दोन्हीकडचे शेजारी आपापल्या बाजूनं त्याच दगडाला हार घालायचे आणि एकत्र जेवायचे. हातभर बांधासाठी कोर्टात गेलेली भावकी तू पाहिली असशील, तुला हा देव समजवावा लागणार नाही. कॅपिटॉल टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा बाकीच्या देवांनी मुकाट जागा सोडली, हा काही हलला नाही, अशी आख्यायिका आहे. शेवटी दगड देवळातच ठेवला आणि त्याच्या डोक्यावर छपराला भोक पाडलं, कारण त्याची पूजा उघड्या आभाळाखालीच करायची. तुझ्या तक्त्यात टर्मिनसला ओळच नाही. त्याला ग्रीक जोडीदार मिळाला नाही ना, म्हणून!

झ्यूसबद्दल थोडक्यात. वीज हातात आहे, देवांचा राजा आहे, म्हणून तू इंद्र लिहिलंस. पण नाव मोठ्यानं म्हणून बघ: द्यौष्पितर, झ्यूस पातेर, ज्युपिटर. नाव ऋग्वेदातल्या द्यौसचं आणि काम इंद्राचं. एका चौकोनात दोघे कसे मावणार?

आता माझी फजिती. वर्गात मेड्युसा शिकवत होतो. सुंदर मुलगी, अथेनाच्या देवळात पोसायडननं तिच्यावर जबरदस्ती केली, आणि देवीनं शिक्षा मात्र तिलाच दिली, केसांचे साप केले. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, हे कोणी सांगितलंय?” मी ऐटीत म्हणालो, “ग्रीकांनी.” घरी येऊन पुस्तकं काढली आणि घाम फुटला. ही कथा ओव्हिडची. तो रोमन कवी, आणि त्यानं ती इ.स. 8च्या सुमारास लिहिली. त्याच्या आधी सातशे वर्षं, ग्रीक कवी हेसिओदच्या काव्यात ना देऊळ आहे, ना शाप. तिथे मेड्युसा जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसीण, तिघी बहिणींत एकटी मर्त्य, आणि पोसायडन तिला भेटतो तो फुललेल्या कुरणात. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. त्या मुलीचा प्रश्न मी अजून वापरतो, तूही वापर. प्रत्येक गोष्टीपाशी विचार, हे कोणी सांगितलंय आणि कधी?

ग्रीसच्या कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिस देवीच्या देवळाचं शिल्प बघ, इ.स.पू. 580च्या आसपासचं. तिथली मेड्युसा सुंदर वगैरे अजिबात नाही. वाटोळा चेहरा, वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, कमरेला एकमेकांत गुंतलेले दोन साप. शेजारी तिची मुलं, पंखवाला घोडा पेगॅसस आणि त्याचा भाऊ क्रिसाओर. गंमत अशी, की तिचं डोकं उडवल्यावर मानेतून ही दोघं जन्मली असं कथा सांगते, आणि इथे डोकं धडावर शाबूत आहे! शिल्पकारानं गोष्टीची सुरुवात आणि शेवट एकाच दगडात बसवला. तिला तिथे रडायचं नव्हतं, देवळावर बसून येणाऱ्याला दरडावायचं होतं. तुला कोणती मेड्युसा हवी ते ठरव, पण दोघींना एकीत कालवू नकोस.

बाकी प्राण्यांचंही तसंच. पाताळाचं दार राखणारा कुत्रा सर्बेरस, त्याला तीन डोकी असतात हे तू ठामपणे लिहिलंयस. हेसिओद पन्नास म्हणतो. गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या सायरनना माशाची शेपटी नंतर चिकटली, ग्रीक भांड्यांवर त्यांचं अंग पक्ष्याचं आहे. होमरच्या सायरन ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसियसला रूपानं भुलवत नाहीत. ट्रॉयमध्ये जे जे घडलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, ऐकून जा, असं गातात. युद्धावरून परतणाऱ्या माणसाला याहून मोठी लालूच कोणती?

पोसायडनच्या ओळीत तू ‘समुद्र’ एवढंच लिहून थांबलास. तो भूकंपाचा आणि घोड्यांचाही देव. ग्रीसमधल्या पायलॉसचा राजवाडा इ.स.पू. 1200च्या आसपास जळाला, त्या आगीत कारकुनांच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजल्या आणि म्हणून टिकल्या. 1952मध्ये मायकेल व्हेंट्रिसनं ती लिपी उलगडली. पाट्यांवर पोसायडनचं नाव आहे, पण कथा एकही नाही. आहे ती यादी: देवाला कोणी किती गहू, किती मद्य, किती मध द्यायचा. देवस्थानच्या चोपड्या कधी चाळल्यास तर ओळखीचं वाटेल.

आणि हाच पोसायडन आपल्याकडेही आलेला आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940च्या दशकात त्याची कांस्याची छोटी मूर्ती सापडली. रोमन व्यापारातून आलेली. आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दाढीवाला, उघडा, हातात सहज मावेल एवढा. समुद्राचा देव, घाट चढून आलेला. ज्या कोल्हापूरकरानं त्याला पहिल्यांदा हातात घेतलं, त्यानं त्याला कोणत्या नावानं हाक मारली असेल? तुझ्या वरुणाच्या नावानं खासच नाही. पहिली गोष्ट त्या माणसाची लिही, असं मला फार वाटतं.

दिवाळीत येशील तेव्हा आपण दोघं टाउन हॉलला जाऊ. तोवर एक पान तरी लिहून ठेव. तक्ता सोबत परत पाठवतोय. मार्सच्या ओळीत पेन्सिलीनं ‘वासरू’ लिहिलंय, ते खोडू नकोस.

कळावे,
तुझा सर