पाचवीत झालं, सहावीत झालं, आता तक्रार घेतील का?

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते, हा दादा आता पंचविशीत आहे, लहानपणी सुट्टीत आत्याकडे जायचा आणि आत्याच्या मालकांनी, म्हणजे आपल्याकडं ज्यांना मामाच म्हणतात त्यांनी, पाचवी ते सातवी त्याच्यावर अत्याचार केले, आजीला सांगितलं तर म्हणाली घरातलं घरात राहू दे. आता भाच्याला तिकडंच सुट्टीला पाठवायचं चाललंय. प्रश्न एवढाच, मी पुरुष, इतकी वर्षं झाली, तक्रार घेतील का?

घेतील दादा. पॉक्सोत, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलगा-मुलगी फरक नाही, अठराच्या आतलं कुणीही. आणि तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदतच नसते, त्यामुळं लई उशीर झाला हे डोक्यातून काढा.

पण एक तारीख आडवी येते, 14 नोव्हेंबर 2012. त्या दिवशी पॉक्सो लागू झाला, आधीच्या गोष्टीला तो लागत नाही, तिथं जुन्या भादंविचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, अनैसर्गिक संभोगाचं कलम 377 बघावं लागतं आणि त्यात नुसतं नको तिथं हात लावणं बसत नाही. म्हणजे पाचवीच्या मे महिन्यातलं एका कायद्यात, आणि सहावीत जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या रात्रीचं, म्हणजे एप्रिल 2013 चं, पॉक्सोत. नातेवाइकानं केलं असेल तर पॉक्सो ते जास्त गंभीर धरतो. 2019 ला शिक्षा वाढल्या, त्या मात्र मागं जाऊन लागत नाहीत.

म्हणून आधी एक वही घ्या. तारखा कुणालाच आठवत नाहीत, पण कितवीत होतो, कुठला सण, आत्याकडं तेव्हा कुठली गाडी होती, वरची खोली बांधून झालेली का नव्हती, हे आठवतं. तसंच लिहा. जे आठवत नाही ते जुळवून लिहू नका, उलटतपासणीत तेच अंगावर येतं.

मामांचा तो मेसेज, "जुनं विसर बाळा, चुकलं माझं", डिलीट करू नका, फोन एक्सचेंजला देऊ नका. आणि फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका, उलट तुमच्यावरच बदनामीची केस टाकतील. पोलिसांना सांगणं वेगळं, ग्रुपवर लिहिणं वेगळं.

खरं सांगते, इतक्या वर्षांनी मेडिकल पुरावा काही नाही, सगळं तुमच्या साक्षीवर. पण साक्ष विश्वासाची वाटली तर एकट्या साक्षीवरही शिक्षा होते. इतकी वर्षं गप्प का, हे विचारतीलच, तेव्हा आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगा, तुम्ही अकरा वर्षांचे होता. केस सरकारी वकील चालवतात, फी नाही, आणि तुमचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे.

तक्रार द्यायची का नाही हे तुम्ही ठरवा, घाई नाही. रात्री फार त्रास झाला तर 14416 ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात. पण बहिणीशी आजच बोला. सगळं सांगायची गरज नाही, पोराला तिकडं मुक्कामाला पाठवू नको, एवढं सांगितलं तरी चालेल.