डोळे 'नॉर्मल' म्हणतात, तरी सेरेब्रल पाल्सी असलेली आमची मुलगी चेहऱ्याकडे का बघत नाही?

तुमची मुलगी तीन वर्षांची, सातव्या महिन्यात जन्मलेली, सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींना येणारी अडचण) पाय कडक. डोळ्याच्या पडद्याचा रिपोर्ट चांगला, पण तिची नजर फिरत्या पंख्यावरच. मी नागपुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, अशी मुलं माझ्याकडे येत असतात. न बघता निदान सांगणार नाही, पण पुढे काय तपासून घ्यायचं ते सांगते.

कमी दिवसांच्या बाळांमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला इजा झालेली असू शकते. पायांकडे जाणारे तंतू आणि दृष्टीचे तंतू तिथूनच जातात, म्हणून दोन्ही त्रास सोबत दिसतात. डोळा ठीक, पण मेंदूला चित्राचा अर्थ लागत नाही. याला सीव्हीआय (सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट, म्हणजे मेंदूमुळे होणारा दृष्टिदोष) म्हणतात. हलणारी वस्तू लवकर दिसणं, खालच्या बाजूचं न दिसणं, हात पुढे करताना मान दुसरीकडे वळवणं, ही त्याची लक्षणं.

पण तो शिक्का बसण्याआधी चष्म्याचं नीट बघा. थेंब टाकून नंबर काढतातच. त्या थेंबांच्या आधी डायनॅमिक रेटिनोस्कोपी करायला सांगा. जवळच्या खेळण्यावर फोकस होतो का, ते त्यात कळतं. या मुलांमध्ये ती ताकद बरेचदा कमी असते आणि थेंब टाकले की तात्पुरती बंदच होते, म्हणून क्रम चुकवू नका. दूरचा नंबर शून्य निघाला तरी जवळचा चष्मा लागू शकतो. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी तपासणी हीच.

किती दिसतं हे टेलर कार्डांनी बघतात: एका बाजूला रेघा, दुसरीकडे कोरं, मूल रेघांकडे वळतं का. उत्तर द्यायला तिला वेळ लागेल, तोवर कुणी हाका मारू नका. मान आणि पाठ टेकलेली हवी. मान सावरण्यातच जीव जात असेल तर ती बघणार कधी? झटक्यांचं औषध चालू असेल तर त्याची झोप उतरलेली असावी, पोट भरलेलं असावं. मे महिन्यात रांगेत ताटकळलेल्या लेकराकडून काय कळणार, सांगा! घरचा व्हिडिओ काढून न्या.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे नेत्ररोग आणि बालरोग दोन्ही विभाग आहेत. रिपोर्टमध्ये डोळ्याची नस फिकट आहे का आणि तिरळेपणा आहे का, हे लिहून मागा.

तोवर साध्या एकरंगी चादरीवर एकच लाल किंवा पिवळं खेळणं हळू हलवून दाखवा. टीव्ही बंद ठेवून.