मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदाच निघालायत?

दोस्त मिळून जात असाल तर मजा येईल. पण बिब नंबर, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, शर्यतीच्या पहाटे मिळत नाही, आधी एक्स्पोत (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) जाऊन घ्यावा लागतो, शुक्रवारीच पोहोचा. 42.195 किलोमीटरवाले सीएसएमटीहून सुटतात, हाफवाले, म्हणजे अर्धमॅरेथॉनचे, माहीमहून. तुमच्यात दोन्ही असतील तर एकाच लॉजवर राहायचा हट्ट सोडा. शनिवारी रात्री गप्पांचा फड नको, तर्रीदार मिसळ तर नकोच. वरणभात खाऊन झोपा. आमच्यातल्या एकाने हौसेने नवेकोरे बूट घातले, वांद्र्यालाच पायाला फोड! खरा कस लागतो परतताना, पेडर रोडच्या चढावर. तिथे दोस्तीखातर कुणाच्या वेगाने पळू नका. शर्यत संपल्यावर भेटायची जागा मात्र आधीच ठरवा, आझाद मैदानाच्या गर्दीत माणूस सापडत नाही.