इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, वायफायही नाही: या लॅपटॉपवर लिनक्स चालणारच नाही का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुलीच्या एसर लॅपटॉपवर (इंटेल आय ५, ११वी पिढी, विंडोज ११) अमळनेरला घरीच लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला बसलात. पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं, पण इन्स्टॉलरमध्ये ५१२ जीबीची एसएसडी दिसेना, वायफायचा पत्ता नाही. जळगावला एका दुकानात दाखवलं तर 'या मशीनवर लिनक्स चालस नही' म्हणून परत पाठवलं.

पेनड्राइव्हवरून डेस्कटॉप उघडला, टचपॅड चाललं, म्हणजे लिनक्स त्या मशीनवर चालतंय. अडलंय ते दोन भागांपाशी, आणि दोन्हींचं दुखणं वेगवेगळं आहे. पुढच्या वेळी कोणी 'चालत नाही' म्हणालं की विचारा, कोणती चिप? नाव सांगता आलं नाही तर त्याने मशीन तपासलेलं नाही, एवढं समजून घ्या.

आधी डिस्क. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस) नावाची डिस्क सांभाळणारी सोय कंपनीतूनच चालू करून येते. तेव्हा एसएसडी थेट न दिसता त्या व्हीएमडीच्या मागे जाऊन बसते. विंडोजला त्याचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आधीच घातलेला असतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्येही (गाभ्यातही) त्याचा ड्रायव्हर आहे, पण प्रत्येक लॅपटॉपवर, प्रत्येक इन्स्टॉलरमध्ये तो धड काम करेलच असं नाही. खात्री करायची तर टर्मिनल उघडून एलएसपीसीआय हा कमांड द्या (अक्षरं इंग्रजी, सगळी लहान). यादीत 'रेड बस कंट्रोलर' आणि पुढे 'व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस' असं दिसलं, तर चोर सापडला.

आता घाईने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करू नका. तसं केलंत तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल, आणि वर बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खातं लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने कोणत्या ईमेलने उघडलं होतं हे बऱ्याच घरांत कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी विंडोजमध्येच सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे तेच कुलूप) पूर्ण बंद करा. डिस्क उलगडायला वेळ लागतो, लागू द्या. मुलीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या, हे वेगळं सांगायला नको. फास्ट स्टार्टअपही (पटकन उघडावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न करण्याची सोय) याच फेरीत बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा वाटा) अर्धवट झोपलेलं राहतं, आणि लिनक्समधून तिथल्या फायली वाचता येतात, पण लिहिता येत नाहीत.

मग विंडोजच्या शोधात एमएसकॉन्फिग टाका, बूटच्या टॅबवर 'सेफ बूट'ला खूण करा आणि रीस्टार्ट करा. एसरचा लोगो येताच एफ२ दाबत राहा. बायोसमध्ये 'मेन' या पानावर व्हीएमडीचा पर्याय दिसणार नाही. बऱ्याच एसरमध्ये तो लपवलेला असतो. त्याच पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबा, यादीत नवी ओळ उगवते. ती 'डिसेबल' करा, एफ१० दाबून बाहेर पडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि एसएसडीसाठी आपला साधा ड्रायव्हर धरेल. इथे एक गोम आहे: सेफ मोडमध्ये चार आकडी पिन अनेकदा चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो आधीच माहीत करून ठेवा. आत गेल्यावर सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट करा. विंडोज नेहमीसारखं उघडलं की मिंटला डिस्क दिसायला हरकत नाही. मिंटसाठी जागा मात्र विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, इन्स्टॉलरकडून नको.

वायफायचं. मघाच्याच कमांडपुढे जागा सोडून डॅश आणि एनएनके लिहा. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे. मग विमान मोड किंवा अर्धवट बंद झालेलं विंडोज तपासा. ती ओळच नसेल तर चिपचं नाव वाचा. रिअलटेकच्या अलीकडच्या चिपांना बहुधा नवा कर्नल लागतो: मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूत लिनक्स कर्नलची यादी आहे, तिथून घ्या. ब्रॉडकॉम असेल तर ड्रायव्हर मॅनेजर. त्यासाठी नेट कुठून आणायचं? फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

मीडियाटेक एमटी७९०२ निघाली तर झटापट नको. त्या चिपला लिनक्समध्ये बराच काळ ड्रायव्हरच नव्हता. कार्ड स्क्रूने बसवलेलं असेल तर सरळ बदला. इंटेल एएक्स२१० घ्या, आणि दुकानदार 'सेमच आहे' म्हणून एएक्स२०१ किंवा एएक्स२११ पुढे करेल ते घेऊ नका. ती कार्डं दिसायला तशीच, पण अर्धं काम इंटेलच्या ठराविक प्रोसेसरांवर सोडतात, प्रत्येक मशीनवर चालत नाहीत. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

ड्रायव्हर घालताना सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे काही सेकंदांत 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक चहा आणायला उठतात आणि तो पडदा निघून जातो, मग ड्रायव्हर घातला तरी वायफाय नाही म्हणून ओरड सुरू.

आपल्याकडची एक वेगळीच अडचण. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. जळगाव-भुसावळचं ऊन लॅपटॉपलाही सोडत नाही. पंख्याच्या जाळीत धूळ अडकलेली असली की इन्स्टॉल अर्ध्यावर असताना मशीन आपोआप बंद पडतं आणि नाव लिनक्सचं खराब होतं. रात्री करा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. आणि बॅटरी बसलेली असेल तर लाईट जाण्याची वेळ टाळा. पार्टिशन हलत असताना वीज गेली तर डेटाची खात्री कोणी देणार नाही.

सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारताची वेळ समजतं. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल, सेट-लोकल-आरटीसी, १ असं (पहिल्या शब्दानंतर आणि आकड्याआधी जागा सोडून) दिलं की भांडण मिटतं.

डिस्क आधी मार्गी लावा. वायफायच्या चिपचं नाव आणि कंसातले आकडे इथे कमेंटमध्ये टाका, कार्ड बदलायचं की कर्नल ते बघून सांगतो.