वाचकांचे प्रश्न : लेखक नसलेल्यांची पुस्तकं

डिसेंबर आला की या सदराला येणारी पत्रं एकदम बदलतात. एरवी अमुक पुस्तक कुठे मिळेल, तमुक शब्द कसा लिहायचा असं विचारणारे वाचक आता एकच विचारतात, वर्षभर काय वाचलंत आणि काय आवडलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातले थोडे प्रश्न निवडलेत.

ताई, यंदा दहा पुस्तकांची यादी नको. एकच नाव सांगा, आणि तेच का तेही सांगा.
– एक वाचक, सांगली

एकच म्हणालात तर 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. पुस्तक नवीन नाही, १९३४ पासून पुढे चार भागांत आलेलं आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत त्यातला एखादा धडा वाचलेला असतो त्यामुळे सगळं पुस्तकच वाचून झालंय असं आपल्याला उगाच वाटत राहतं. मी यंदा ते पहिल्या पानापासून परत घेतलं, रोज रात्री थोडं थोडं, मुद्दाम हळू, आणि वर्षभर बाकी काय काय वाचलं तरी मन पुन्हा पुन्हा तिकडेच जात राहिलं.

सुरुवातीलाच वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण येतं. सत्तावन्नच्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांनी सोवळं असं काही धरलं की बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि त्या पाण्यात घरातल्या बायकापोरांचं अख्खं आयुष्य भिजून गेलं. हे सगळं लक्ष्मीबाई सांगतात पण कुठेही वडिलांना झोडपत नाहीत, रडतही नाहीत, जे झालं ते सांगतात आणि तुम्ही हसता हसता मध्येच थांबता, कारण यातल्या पोरींचं काय झालं असेल ते तेव्हा लक्षात येतं. मग अशा घरातून आलेल्या बाईचा नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो. काय झालं असेल विचार करा. त्या लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत, वेगळ्या राहिल्या, हाल काढले, आणि नंतर परत एकत्र आल्या तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. ते सुटतं तो भाग मी यंदा तीनचारदा वाचला असेन. कुणी उपदेश करत नाही, कुणी वाद जिंकत नाही. त्या एकट्या बसून विचार करतात की हा माणसामाणसातला भेद देवाने केला की माणसाने, आणि तिथल्या तिथे ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खाईन पिईन. बस. इतकी मोठी गोष्ट, आणि ती स्वैपाकघरातल्या बोलण्यासारखी सांगितलीये.

आता तेच का ते सांगते. लक्ष्मीबाईंना धड शाळा मिळाली नव्हती, आणि लेखिका व्हायचं म्हणून त्या लिहायला बसल्या नव्हत्या. यंदा मला जी जी पुस्तकं आतून हलवून गेली ती जवळपास सगळी अशाच माणसांची निघाली. फलटणच्या बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' घ्या. छोटं दुकान चालवणारी बाई, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत वाचत वाचनाची गोडी लागली, आणि स्वतःचं लिहिलेलं नवऱ्यापासून, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ते आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. त्यातली महारवाड्यातल्या सासुरवाशिणींची वर्णनं वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं, इतकं ते जवळून पाहिलेलं आणि जसंच्या तसं सांगितलेलं आहे. जोतिबा-सावित्रीबाई, बाबासाहेब हे सगळं आपण भाषणात ऐकतो, पण बाबासाहेबांचं म्हणणं एखाद्या महारवाड्यातल्या बायकांपर्यंत पोचल्यावर तिथे नक्की काय बदललं हे मला त्या पुस्तकाने दाखवलं. मराठीत कादंबऱ्या चांगल्या आहेतच, मी त्याही वाचते आणि जीव लावून वाचते, पण आपलं सगळ्यात मोठं धन हे आहे असं माझं ठाम मत झालंय, लेखक नसलेल्या माणसांनी लिहून ठेवलेलं.

जानेवारीत पन्नास पुस्तकांचं टार्गेट ठेवलं होतं. तेवीसच झाली, त्यातली नऊ ऑडिओबुक. ती धरायची का? खूप गिल्टी वाटतंय.
– नोकरी करणारी वाचक, पुणे

ऑडिओ धरायचीच, प्रश्नच नाही. आपल्याकडे श्रावणात पोथी एकजण वाचायचा आणि घरदार, शेजारीपाजारी बसून ऐकायचे, त्या ऐकणाऱ्यांना कुणी कधी म्हणालं का की तुम्ही पोथी वाचली नाही म्हणून? कीर्तनात, आख्यानात अख्ख्या महाराष्ट्राचं वाचन झालंय कित्येक शतकं.

टार्गेटबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ मध्ये आली, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून जीव वाचवून पळालेली ज्यू माणसं आणि त्यांच्यात एक मराठी तरुण, एवढीशी कादंबरी. एका रविवारी संपते. टार्गेटमध्ये ती एक, आणि महिनाभर पुरणारा एखादा जाडजूड ग्रंथही एकच. मग माणूस नकळत बारीक पुस्तकं शोधायला लागतो आणि बारीक पुस्तकही पटकन संपवायला लागतो, आणि 'रणांगण' पटकन संपवायचं पुस्तक नाहीच, ते संपल्यावर दोन दिवस दुसरं काही हातात घेऊ नये. त्या तेवीसमधल्या कुठल्या पुस्तकाबद्दल तुम्ही ऑफिसात, घरी, फोनवर कुणाला तरी न राहवून सांगितलंत? तेवढी काढा बाजूला. चार निघाली तरी तुमचं वर्ष छान गेलं, आणि जानेवारीत त्यातलंच एखादं परत वाचा.

बाबांचं वय ७४, इतिहासाची आवड. पण हल्लीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांना फार अलंकारिक वाटतात. काय देऊ?
– एक वाचक, अकोला

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' द्या, डोळे झाकून द्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरावर कर्ज झालेलं, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत तिथे दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर १८५७ मध्ये निघाले आणि सरळ बंडातच सापडले. झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा हे गृहस्थ शहरात होते! तोफा, आग, नंतरची कत्तल आणि लूट, सगळं लपून बसलेल्या एका कोकणी भटजीच्या नजरेतून. कमावलेली दक्षिणा वाटेत लुटली जाते, परत मिळवतात, परत लुटली जाते. इतकं होऊनसुद्धा माणूस काशीला जातो, गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणापर्यंत चालत येतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो.

बाबांना आवडेल असं मी म्हणते त्याचं कारण, यात वीररस ओतलेला नाही. राणी लक्ष्मीबाईंबद्दल आदर आहे पण तो जवळून पाहिलेल्या माणसाचा आदर आहे, आणि लढाईच्या मध्ये कुठे जेवायला काय मिळालं, पाणी कुठून आणलं हेही तेवढ्याच मनापासून सांगितलंय. इतिहासाच्या पुस्तकात पाणी कुठून आणलं ते सापडत नाही हो.

घेताना आवृत्ती बघून घ्या. चिंतामण विनायक वैद्यांनी भटजींकडून हे लिहून घेतलं आणि भटजी गेल्यानंतर १९०७ मध्ये छापलं, पण छापताना त्यात आपल्या हाताने बरेच बदल केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. मूळ संहितेवरची मिळाली तर तीच घ्या, भाषा थोडी जुनी लागेल पण ७४ वर्षांच्या बाबांना ती अडणार नाही.

मी एफवायला आहे. उद्धव शेळके यांची 'धग' लावलीये, पण वऱ्हाडी संवाद कळतच नाहीत. मी ठाण्यातच वाढलोय. सारांश वाचून परीक्षा दिली तर चालेल का?
– एक विद्यार्थी, ठाणे

परीक्षेत चालेल रे, पण कौतिक तुला भेटणार नाही. आणि ती भेटायला हवी, १९६० मधल्या या कादंबरीत कौतिकसारखी बाई आहे जी संसार सावरायला काय काय करून बघते आणि परिस्थिती एकेक गोष्ट तिच्या हातातून काढून घेत जाते, सारांशात हे चार ओळीत बसतं आणि त्या चार ओळी वाचून काहीच होत नाही.

एक कर, संवाद मोठ्याने वाच. खोलीचं दार लाव आणि वाच. डोळ्याला जे अनोळखी वाटतं ते कानाला बऱ्याचदा लगेच कळतं, कारण बोली ही मुळात ऐकायची गोष्ट आहे, आणि एका शब्दासाठी थांबू नकोस, वाक्य पुढे गेलं की तो शब्द आपोआप उलगडतो. पहिली वीसेक पानं जड जातील. वर्गात कुणी अमरावती-यवतमाळकडचं असेल तर त्याच्याकडून दोन पानं वाचून घे, त्यालाही बरं वाटेल, त्याची भाषा शहरात कुणी विचारत नाही सहसा.

पुस्तक अर्धवट सोडलं तर चालतं का?
– एक वाचक, बेळगाव

चालतं. नाव आणि पान लिहून ठेवा, पाचसात वर्षांनी परत उघडून बघा.

मुलगी १४ वर्षांची, मराठी छान बोलते पण वाचताना अडखळते. तिच्याबरोबर वर्षात एक तरी मराठी पुस्तक पूर्ण व्हावं अशी इच्छा आहे. कुठलं घेऊ?
– एक आई, न्यू जर्सी

'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. छोटी आहे, वाक्यं आखूड आहेत, आणि सांगणारा मास्तर स्वतःच पोरसवदा आहे त्यामुळे १४ वर्षांच्या मुलीला तो फार लांबचा वाटणार नाही. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं शाळेत बसली तर मेंढरामागं कोण जाणार? मास्तर नवखा आहे, त्यालाही या वाडीतलं काही माहीत नसतं, त्याच्याबरोबर आपणही एकेक माणूस ओळखायला लागतो, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी. मला स्वतःला अंजीच्या चोळीचा प्रसंग फार आवडतो. कारभाऱ्याची पोरगी मास्तरला सांगते की तालुक्याला जाताय तर माझी चोळी शिवून आणा, तो बिचारा सरळ मनाने आणतो, आणि एवढ्याशा गोष्टीवरून वाडीत केवढा गैरसमज होतो. मुलीला विचारा की यात चुकलं कोण, बघा काय म्हणते ते, माझ्या भाचीबरोबर यावर आमचं जेवण थंड होईपर्यंत बोलणं चाललं होतं.

तिला एकटीला वाचायला देऊ नका. एक पान तुम्ही, एक पान ती. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जायला लागतात, तो भाग मात्र सलग एका बैठकीत वाचा, तुकडे करू नका.

ताई, हा प्रश्न पुस्तकाचा नाही. माझ्या आईचं वय ८१ आहे, तिने पाच वह्या भरून आठवणी लिहून ठेवल्या आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे शुद्धलेखन, विरामचिन्हं काही नाही. छापण्यासारखं करायचं तर कुणाकडून नीट लिहून घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

तुमचं पत्र वाचल्यापासून मला राहवत नाहीये. हाच पुस्तकाचा प्रश्न आहे, बाकीचे नंतर!

नीट लिहून घेऊ नका. अजिबात नको. वर गोडसे भटजींचं सांगितलंच, वैद्य विद्वान होते, त्यांच्यामुळेच ते लिखाण झालं आणि टिकलं, तरीसुद्धा आज आपण त्यांचा हात बाजूला करून भटजींनी मुळात काय लिहिलं होतं तेच शोधतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांच्या त्यानंतरच्या, त्यात आज आपल्याला जे हवंहवंसं वाटतं ते त्या बाईचं स्वतःचं बोलणंच ना. तुमच्या आईने 'ळ' च्या जागी 'ल' लिहिला असेल, एका वाक्यात तीन माणसं घुसवली असतील, राहू दे. छापायचं की नाही हा विचार आत्ता करूच नका, घरातल्या वीस जणांनी वाचलं तरी ते पुस्तकच आहे.

आधी वह्यांचं प्रत्येक पान दिवसाच्या उजेडात, सावली न पडू देता मोबाईलवर स्कॅन करा, बॉलपेनची शाईसुद्धा उडते. दोन ठिकाणी ठेवा. मग टाइप करा, जसंच्या तसं, तुम्ही करा किंवा नातवंडांना वाटून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आईजवळ बसून एकेक पान वाचून दाखवा आणि विचारा, ही आक्का म्हणजे कुठली आक्का, हे घर कुठलं, तेव्हा तू केवढी होतीस, हा दुष्काळ कुठल्या सालचा. ती जे सांगेल ते फोनवर रेकॉर्ड करा आणि टाइप केलेल्या पानाखाली वेगळं लिहा, तिच्या मजकुरात घालू नका. तिला एखादं पान गाळावंसं वाटलं तर गाळा, तो हक्क तिचा आहे, पण तुम्हाला लाज वाटते म्हणून काही गाळू नका. पाचवीनंतरची सहावी कोरी वहीही आजच आणून ठेवा, वाचून दाखवायला लागलात की तिला आणखी आठवेल.