जुन्या गाड्यांचा क्लब काढताय? आधी दार कुणाला उघडायचं ते ठरवा

प्रश्न: सर, आम्ही कोल्हापुरातले आठ-नऊ जण जुन्या फियाटवाले म्हणजे प्रीमियर पद्मिनीवाले आहोत, व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रविवारी सकाळी चहाला भेटतो. आता बाहेरचे लोक विचारायला लागलेत की आम्हाला पण घ्या, त्यामुळे यंदा दसऱ्याला रीतसर क्लब सुरू करून सगळ्यांना खुला करायचा विचार आहे. फी किती ठेवायची, रजिस्ट्रेशन लगेच करायचं का, आणि फक्त फियाटवालेच घ्यायचे का? या शेवटच्या मुद्द्यावरून ग्रुपवर रोज भांडणं आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: भांडण ज्यावरून चाललंय तिथूनच सुरुवात करतो. फी काय, रजिस्ट्रेशन काय, नंतर कधीही बघता येतं, पण पहिल्या वर्षी कुणाला आत घेतलं आणि कुणाला परत पाठवलं हे गाव विसरत नाही.

फक्त फियाट नको. पद्मिनी या नावाने ही १०८९ सीसीची गाडी १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायची, २००० च्या आसपास ती बंद झाली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी होती तोवर निदान स्पेअरला गिऱ्हाईक होतं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. म्हणजे आता आहेत त्याच गाड्या या हातातून त्या हातात जाणार, आणि तुम्ही फियाटशिवाय कुणी नको म्हणालात तर पाच वर्षांनी तेच आठ-नऊ जण तोच चहा पीत बसलेले असतील.

मला विचाराल तर नियम एका ओळीचा ठेवा: कार्बोरेटरवाली, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा तो जुना भाग असलेली, कुठलीही गाडी चालेल. ॲम्बॅसेडर आली, काँटेसा आली, पेट्रोल जीप आली आणि सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० पण आली, ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेली गाडी, तिला अजून काही जण जुनी मानायला तयार नसतात पण तिच्यावर जीव असलेली पोरं आज तिशी-चाळिशीत आहेत आणि क्लब पुढे तेच चालवणार आहेत. या सगळ्या गाड्यांचं दुखणं पण बरंचसं एकच असतं, सकाळी चोक ओढूनही स्टार्ट न होणं, पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे संपर्क बिघडणं, घाटात गरम होणं, त्यामुळे बोलायला विषय कमी पडत नाही. डिझेल जीपवाला कुणी आला तर त्याला कार्बोरेटर नाही म्हणून परत पाठवू नका हो, घ्या त्याला पण.

आणि ज्याच्याकडे गाडीच नाही त्यालाही मेंबर करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. उद्यमनगरात लेथवर बुश टर्न करून देणारा कारागीर, फियाटचं इंजिन आवाजावरून ओळखणारे जुने मेस्त्री, यांच्याकडून एक रुपया फी घेऊ नका आणि त्यांना कमिटीत बसवा. ही माणसं थकत चाललीत, त्यांच्या हातातलं काम कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि एखाद्या पोराने त्यांच्या शेजारी उभं राहून ते शिकलं नाही तर तुमच्या गाड्या पुढे नुसत्या शोला उरतील. मेंबर करायच्या आधी मात्र प्रत्येकाला तीन रविवार यायला सांगा, नुसता फोटो काढायला येणारा तिसऱ्या रविवारी येत नाही.

फी वर्षाला हजार-पाचशेच्या वर नेऊ नका. तो पैसा टी-शर्ट आणि बॅनरवर जाऊ देऊ नका, पहिली खरेदी पेट्रोल पाईपची करा. आता पंपावर ई२० म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, जुना रबरी पाईप त्याने फुगतो, चिरतो, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं ते सांगायला नको. इथेनॉलला टिकणारे पाईप, फॅन बेल्ट, पॉइंटचे सेट एकदम आणून मेंबरना त्याच भावात द्या. हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका, कुणी मागो न मागो.

रजिस्ट्रेशनची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ जण लागतात, तेवढे तुम्ही आहातच, पण महाराष्ट्रात त्यासोबत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद येते, मग दरवर्षी ऑडिट, कमिटी बदलली की चेंज रिपोर्ट, हे सगळं वेळेत करणारा माणूस तुमच्यात आहे का ते बघा. एक वर्ष साधं चालवा, घटना म्हणजे क्लबची नियमावली दोन पानांची लिहा, बाहेरच्या स्पॉन्सरचा पैसा घ्यायची वेळ आली की नोंदणी करा, त्याआधी एखाद्या सीएंशी बोलून घ्या.

तारखेबद्दल, दसऱ्याच्या दिवशी नको. त्या दिवशी अख्खं शहर दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक ही जुनी मोटार बघायला जातं. खंडेनवमीला गाड्या धुऊन पूजा झालेल्या असतात, त्यानंतरचा रविवार धरा. पहिली राइड पन्हाळा, वीसेक किलोमीटर, चढ आहे पण मोजका. सगळ्यात हळू गाडी पुढे, मेस्त्री सगळ्यात मागच्या गाडीत, पाणी आणि फडकी प्रत्येकाकडे, कारण इंजिनजवळच्या पेट्रोल पंपाला वाफ धरली की ओलं फडकं लागतंच. आणि कोण किती मिनिटांत वर पोचलं ही मोजामोज चुकूनही करू नका. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड आहे, आणि आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत, स्पीड टेस्टिंग हे कव्हरच नसतं.

प्रश्न: बाबांची १९७२ ची फियाट आता मी चालवते. आमच्याकडे नवीन क्लब सुरू झालाय, तिथे सांगतात की मेंबर व्हायचं तर आधी व्हिंटेज नंबर घ्या. घ्यावा का? आणि तिथे बाई मी एकटीच असणार, जाऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नक्की जा. बाबांची गाडी स्वतः चालवत नेणार आहात, तुमच्याइतका हक्क तिथे कुणाचा असेल? क्लबवाल्यांना एवढंच सांगा की भेटायची जागा अशी धरा जिथे स्वच्छ बाथरूम आहे, रस्त्याच्या कडेची टपरी नको, मग बघा बाकीच्यांच्या घरच्या बायका-मुली पण यायला लागतील.

व्हिंटेज नोंदणीची मात्र घाई करू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ती मिळते, तुमची त्यात बसते. पण त्यानंतर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांना बाहेर काढता येते, रोज भाजीला किंवा ऑफिसला नाही. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तरी वापरावरचं बंधन राहतंच. तुमचं आरसी वेळच्या वेळी रिन्यू होत असेल आणि गाडी रोज चालवायची असेल तर आहे तशीच राहू द्या. मेंबरशिपसाठी ही अट घालणं मला चूक वाटतं, रोज रस्त्यावर धावणारी ५० वर्षांची गाडी तर क्लबने पुढे उभी करायला हवी.

प्रश्न: माझी मारुती ८०० मी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून मॉडिफाय केलीये. क्लबने घेतलं नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सायलेन्सरबद्दल ते बरोबर आहेत. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि एका आवाजामुळे सोसायटीवाले, पोलीस सगळे अख्ख्या क्लबच्या मागे लागतात. पण तुम्हाला दारातूनच परत पाठवलं हे मला आवडलं नाही. जुना सायलेन्सर ठेवलाय का? तो बसवून पुढच्या भेटीला जा, आणि त्यांना सांगा की हा बदल मी स्वतः केला होता, रिंच हातात धरता येतो मला. असा मेंबर कुठल्याही क्लबला हवाच असतो.