मेथीच्या दोन कुंड्या

प्रश्न: माझ्या सातवीतल्या मुलीने सायन्स प्रोजेक्टसाठी दोन कुंड्यांत मेथी लावली. एकीत शेणखत घालून ती गॅलरीत ठेवली, दुसरी बिनखताची, किचनच्या ओट्यावर. खतवाली छान तरारली, पण टीचर म्हणतात हा प्रयोगच नाही. पोरगी हिरमुसलीये. चुकलं काय?

उत्तर: ताई, तिला आधी शाबासकी द्या, कारण तिने स्वतः करून बघितलं. गडबड एवढीच की खताबरोबर ऊनही बदललं, मग मेथी खताने वाढली की उन्हाने हे सांगणार कसं?

१७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही (हिरड्या सुजून रक्त येतं तो आजार) झालेले १२ खलाशी घेतले, सगळ्यांचा आजार जमेल तितका सारखा, राहायची जागा एकच, जेवणही एकच, आणि मग दोन-दोनच्या जोड्या करून कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला सायडर (सफरचंदाची दारू) असं दिलं, एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली तरी तीच जोडी सगळ्यात लवकर सुधारली! बाकी सगळं सारखं ठेवलं होतं म्हणूनच फरक फळांचा हे दिसलं. मला हा प्रयोग फार आवडतो, अगदी साधा आहे.

तर आता सहा कुंड्या घ्या, माती, बी, पाणी, ऊन सगळं सेम, तीनमध्येच खत, कुठल्या तीन ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. एकेकच कुंडी नको, एखादं बी मुळातच किडकं निघतं. अंदाज आधीच वहीत लिहायला सांगा आणि रोज पट्टीने उंची मोजायची, मेलेल्या रोपाचीही नोंद हवी.